निजण्याची खोली आणि भिंतीतील खिडकी

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याला घर बांधण्याचा खर्च आणि त्रास दोन्ही चांगले ठाऊक असले पाहिजेत. परंतु बांधून पुरे झालेल्या घरात मागाहून एक खिडकी काढण्याचा प्रसंग त्याच्यावर बहुधा आला नसावा. तो आला असता, तर म्हणीला आणखी एक शेपूट जोडले गेले असते. भिंतीत चार फुटांचे भोक पाडणे हे गवंड्याचे एका-दोन दिवसांचे काम. पण त्या भोकाभोवती आरोग्यशास्त्र, शेजारधर्म, कायदा आणि कुटुंबातील माणसांची काळजी अशा कितीतरी गोष्टी गोळा झालेल्या असतात. खोलीला खोलीपण कशाने येते, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटतो. चार भिंती, एक छप्पर आणि एक दार झाले म्हणजे खोली झाली, असे कोणीही म्हणेल. पण ती निजण्याची खोली झाली की नाही, हे मात्र खिडकीवर ठरते.

रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यात, गागोदे बुद्रुक नावाचे गाव आहे. बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे, हे महाराष्ट्रातील गावांच्या नावांवरून सर्वांच्या परिचयाचे आहे. विनायक नरहरी भावे, म्हणजेच पुढे आचार्य विनोबा म्हणून सर्वश्रुत झालेले सत्पुरुष, 11 सप्टेंबर 1895 रोजी याच गावी जन्मले. त्या वेळी हा मुलूख कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. 1981 मध्ये त्याला रायगड हे नाव मिळाले. अशा गावातील एखादे जुने कौलारू घर डोळ्यांपुढे आणावे. पुढे ओटी, बाजूला पडवी, आत माजघर, त्याला लागून देवघर आणि स्वयंपाकघर, आणि एका कोपऱ्यात भाताची कणगी ठेवण्याची कोठीची खोली. घरातील मुले नोकरीनिमित्त मुंबईस राहतात आणि गणपतीला व शिमग्याला येतात. घरी असते ती म्हातारी आई. पोटमाळ्यावर चढणे आता तिला झेपत नाही आणि माजघरातील रहदारीत तिला झोप लागत नाही. तेव्हा कोठीची खोली रिकामी करून ती आईला द्यावी, असा विचार घरात निघतो. खोली बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद. उंची नऊ फुटांहून अधिक. पलंग, कपाट, पाण्याचा तांब्या ठेवायला तिपाई, सगळे व्यवस्थित मावते. फक्त खोलीला दार एकच, तेही माजघरात उघडणारे. आणि खिडकी मुळीच नाही.

ही खोली निजण्याची झाली काय? मुलगा म्हणेल, पलंग ठेवला की झाली. आरोग्यशास्त्र आणि इमारतीचे नियम म्हणतात, नाही झाली. ती अद्याप कोठीच आहे, फक्त भाताच्या जागी माणूस ठेवले आहे.

इथे एक गोष्ट प्रथम स्पष्ट केली पाहिजे. आपल्याकडील इमारतीच्या नियमांत शयनगृहाची निराळी व्याख्या बहुधा आढळत नाही. तेथे विचार होतो तो राहण्यायोग्य खोलीचा. भारतीय मानक संस्थेने 1970 मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या आणि पुढे 1983, 2005 व 2016 मध्ये सुधारलेल्या राष्ट्रीय इमारत संहितेत ही कल्पना मांडली आहे. जेथे माणसे बसतात, निजतात, जेवतात, अभ्यास करतात ती राहण्यायोग्य खोली. न्हाणीघर, शौचकूप, कोठार, बोळ, तळघर, माळा या जागा त्यांत येत नाहीत, कारण तेथे माणूस फार वेळ काढीत नाही. म्हणजे भेद भिंतींचा नाही, मुक्कामाचा आहे. जो माणूस रात्रीचे आठ तास एका जागी काढणार, त्याला त्या आठ तासांत किती ताजी हवा लागेल, हा त्या व्याख्येमागील खरा प्रश्न होय. मग ओघानेच अटी येतात: एकच खोली असेल तर ती साडेनऊ चौरस मीटरपेक्षा लहान नसावी, तिची रुंदी 2.4 मीटरपेक्षा कमी नसावी, उंची 2.75 मीटर असावी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिला बाहेरच्या हवेत किंवा मोकळ्या पडवीत उघडणारी खिडकी असावी. गागोद्याच्या त्या कल्पित कोठीचे क्षेत्रफळ 120 चौरस फूट, म्हणजे सुमारे अकरा चौरस मीटर. लांबी, रुंदी, उंची या तिन्ही परीक्षांत ती उत्तीर्ण होते आणि चौथीत, खिडकीच्या परीक्षेत, नापास होते.

आता आपल्या पूर्वजांनी ही खोली अशी आंधळी का ठेवली? त्यांना उजेडाचे वावडे होते, असे मुळीच नाही. कोकणातील जुने घर नीट पाहिले म्हणजे त्यांतील हिशेब ध्यानात येतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा पावसाला आडवा करून भिंतीवर मारतो. काच महाग आणि दुर्मिळ होती. उघड्या खिडकीतून आत येणार ते पाणीच. म्हणून पावसापूर्वी पडवीला झापांचा आडोसा करावा लागे. चोराची भीती होती. धान्य थंड, अंधाऱ्या जागी टिकते. उन्हाळ्यात अंधारी खोली थंड राहते. दिवसाचे जिणे तर ओटीवर, अंगणात आणि शेतातच होते. घर होते ते रात्रीपुरते आणि पावसापुरते. उजेड हवा तेथे कौलांत एखादे काचेचे कौल बसवीत, भिंतीत हातभर गवाक्ष ठेवीत. तेवढ्याने देवघरातील समई आणि चुलीवरचे भांडे दिसे. पुष्कळ घरांत छपराचा भार लाकडी खांबांवर असे आणि मधली भिंत केवळ कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली असे. अशा कुडात खिडकी काढणे अगदी सोपे होते. तरी काढली जात नसे. यावरून उणीव कौशल्याची नव्हती, गरजेची कल्पनाच निराळी होती, हे दिसून येईल.

या हिशेबात ज्यांचे नुकसान झाले, ती मात्र घरातील ज्यांना दिवसाही बाहेर पडता येत नसे अशी माणसे: आजारी, वृद्ध आणि बाळंतिणी. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून तिची खोली मुद्दाम बंद ठेवीत. त्या बंद खोलीत शेकासाठी निखाऱ्याची शेगडी ठेवीत, ओव्याची आणि बाळंतशेपांची धुरी देत. हेतू मायेचा होता यात शंका नाही. परंतु कोंडलेल्या खोलीत कोळसा जळू लागला म्हणजे त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही आणि वास नाही. रक्तातील प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्याला तो चिकटून बसतो आणि निजलेल्या माणसाला जागही येऊ देत नाही. खिडकी ही चैन नसून जीव वाचविणारी गोष्ट आहे, हे समजण्यासाठी एवढे एकच उदाहरण पुरेसे आहे.

तथापि खिडकीचा प्रश्न कायद्याच्या दारात आला तो कोकणातील खेड्यातून नव्हे, तर त्याच कोकणातील माणसे ज्या शहरात पोटासाठी गेली त्या मुंबईतून. विनोबांच्या जन्मानंतर एका वर्षाने, 1896 च्या सप्टेंबरात, मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले. मुंबई महानगरपालिकेचा 1888 चा कायदा तेव्हा अंमलात होता आणि हवा-उजेडाची कल्पना त्याला अपरिचित नव्हती. पण गिरणगावातील आणि बंदराजवळच्या चाळी पाठीला पाठ लावून उभ्या होत्या. दोन इमारतींमधील बोळ इतके अरुंद, की खालच्या मजल्यावरील खोलीला खिडकी असली तरी तिच्यातून दिसे ती समोरची भिंत आणि येई तो गटाराचा वास. प्लेगच्या धामधुमीत सरकारी पथके घरोघर फिरली. भिंतींना चुना फासला गेला, अंधाऱ्या खोल्यांत ऊन पडावे म्हणून छपरावरची कौले काढली गेली, आणि ज्या जागा कोणत्याही उपायाने सुधारणे शक्य नव्हते त्यांवर यू. एच. एच. ही तीन इंग्रजी अक्षरे रंगविली गेली. त्यांचा अर्थ, मनुष्यवस्तीस अयोग्य. आपल्या दारावर ही अक्षरे उमटलेली पाहून त्या कुटुंबाला काय वाटले असेल, याची कल्पना करावी. त्यांना कोणी पर्यायी घर दिले नव्हते. दिला होता तो फक्त शेरा. 1897 चा साथरोग कायदा आणि त्याच वर्षी पुण्यात घराघरांत शिरलेली तपासणी यांनी लोकांत केवढा क्षोभ उसळला, हे सर्वविदित आहे. हवा-उजेड सक्तीच्या वाटेने घरात आला म्हणजे त्याचेही वैरी निर्माण होतात, हा त्या काळाचा एक धडा होय.

1898 मध्ये मुंबई शहर सुधारणेचा कायदा होऊन इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढावे, समुद्रावरचा वारा शहराच्या पोटात न्यावा, आणि दादर-माटुंग्यासारख्या भागांत मोकळी वस्ती वसवावी, असा त्याचा उद्योग होता. या ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी तर मुंबईच्या घरांतील हवा-उजेड या एकाच विषयाचा ध्यास घेतला होता. त्यांच्या प्रतिपादनात पुनःपुन्हा येणारा नियम साडेत्रेसष्ट अंशांचा. तो ऐकताना बोजड वाटतो, पण समजावयास सोपा आहे. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे एक रेषा काढावी. ती रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करीत असेल, तर त्या खोलीला आकाश पुरेसे दिसत नाही. भूमितीच्या भाषेतून व्यवहारात आणले तर याचा अर्थ असा, की समोरची भिंत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मी जागा मध्ये मोकळी हवी. भिंत चाळीस फूट उंच, तर मध्ये वीस फूट अंगण. या नियमाने एक मोठी गोष्ट शिकविली: खिडकी म्हणजे केवळ भिंतीतील भोक नव्हे, भोकापलीकडे आकाश असेल तरच ती खिडकी.

पुढे 1920 मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे 207 चाळी उभारल्या. बी. डी. डी. चाळी म्हणून त्या विख्यात झाल्या. एकेका कुटुंबाला 160 चौरस फुटांची एक खोली. तीच निजण्याची, तीच जेवणाची, तीच बाळंतपणाची. रायगड, रत्नागिरी आणि साताऱ्याकडची किती घरे त्या खोल्यांत नांदली याची गणती नाही. इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट 1933 मध्ये महानगरपालिकेत विलीन झाला. त्याचे अध्यक्ष विस्मृतीत गेले. पण इमारतीभोवती उंचीच्या प्रमाणात मोकळी जागा सोडली पाहिजे, हे तत्त्व पुढच्या सर्व नियमांच्या मुळाशी राहून गेले.

यांत एक गमतीचा भाग आहे. प्लेग कोंदट हवेने होतो, अशी त्या काळी पुष्कळांची समजूत होती आणि म्हणूनच खिडक्यांवर एवढा भर होता. 1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सीमाँ या फ्रेंच वैद्याने दाखवून दिले, की प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो. मुंबईत पुढे झालेल्या संशोधनाने त्याला दुजोरा मिळाला. म्हणजे ज्या रोगासाठी खिडक्या उघडल्या, त्या रोगाचा खिडकीशी थेट संबंध नव्हता. तरी नियम चुकला नाही. कारण त्याच अंधाऱ्या खोल्यांत दुसरा एक रोग मुकाट्याने माणसे खात होता, तो क्षय. रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये त्याचे जंतू शोधून काढले. हे जंतू रोग्याच्या खोकल्याबरोबर हवेत उडतात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. हवा खेळती असेल तर त्यांचे प्रमाण पातळ होते. सूर्यप्रकाश जंतूंचा नाश करतो, हे तर 1877 मध्येच डाउन्स आणि ब्लंट या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखविले होते. आजही जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे खिडकीचा नियम कालबाह्य झाला असे कोणी म्हणणार नाही. कारण चुकीचे सांगितले गेले, पण उपाय बरोबर निघाला. असे भाग्य फार थोड्या कायद्यांच्या वाट्याला येते.

उलट प्रकारचे कायदेही जगात होऊन गेले आहेत. इंग्लंडात 1696 पासून 1851 पर्यंत खिडक्यांवर कर होता. जितक्या खिडक्या अधिक, तितका कर अधिक. परिणाम असा झाला, की लोकांनी खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. त्या बुजलेल्या चौकटी तेथील जुन्या घरांवर अजून दिसतात. न्यूयॉर्कमध्ये दरिद्री कामकऱ्यांच्या इमारतींत मधल्या खोल्यांना बाहेरची भिंतच नसे. 1901 च्या कायद्याने तेथील मालकांना अशा खोल्यांच्या आतल्या भिंतींत खिडक्या काढावयास लावले. त्या खिडक्या शेजारच्या खोलीत उघडत. अर्धे काम झाले. एका खोलीचा उजेड दुसरीला थोडासा मिळाला, पण शेजारच्या खोलीतील वापरलेली हवा ही ताजी हवा नव्हे. गागोद्याच्या त्या कोठीतही कोणी म्हणेल, माजघराच्या भिंतीत एक मोठी जाळी ठेवली म्हणजे झाले. हवा फिरावयास तिचा उपयोग जरूर होईल. पण बाहेरच्या खिडकीची जागा ती घेऊ शकत नाही.

आता मोजमापाकडे वळावे. खिडकी केवढी हवी? राष्ट्रीय इमारत संहितेच्या 2005 च्या आवृत्तीत हवामानाप्रमाणे प्रमाण सांगितले आहे. कोरड्या उष्ण प्रदेशात दारे वगळून खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या एक दशांश, दमट उष्ण प्रदेशात एक षष्ठांश, मध्यम हवामानात एक अष्टमांश आणि थंड प्रदेशात एक द्वादशांश. कोकण दमट उष्ण आहे. येथे घाम वाळत नाही, भिंतींना बुरशी येते. म्हणून येथे वाऱ्याची गरज सर्वांहून जास्त. 120 चौरस फुटांचा सहावा हिस्सा 20 चौरस फूट. म्हणजे चार फूट रुंद व चार फूट उंच खिडकी 16 चौरस फुटांची होऊन अपुरी पडते. पाच फूट रुंद आणि चार फूट उंच असेल तर हिशेब पुरा होतो. किंवा अडीच फूट रुंद आणि चार फूट उंच अशा दोन खिडक्या निरनिराळ्या भिंतींत ठेवल्या तरी बेरीज 20 चौरस फुटांचीच होते आणि वारा एकीतून येऊन दुसरीतून जातो. एकाच खिडकीची खोली म्हणजे एकाच तोंडाची बाटली. दोन खिडक्यांची खोली म्हणजे नळी. वारा नळीतून वाहतो, बाटलीत घुटमळतो.

या हिशेबात तीन ठिकाणी फसगत होते. पहिली गोष्ट, क्षेत्र मोजावयाचे ते उघडणाऱ्या भागाचे. हल्ली सरकत्या काचांच्या खिडक्यांची चाल पडली आहे. त्यात एक काच दुसरीमागे जाते, म्हणून पाच बाय चारची सरकती खिडकी हवेपुरती अर्धीच, म्हणजे 10 चौरस फुटांची राहते. उजेडाला ती पुरी, वाऱ्याला निम्मी. जुन्या झडपांची खिडकी या बाबतीत अधिक प्रामाणिक होती. दुसरी गोष्ट, उजेड फार लांबवर पोचत नाही. खिडकीपासून साडेसात मीटरांपलीकडचा भाग उजळला असे संहिता मानीत नाही. तिसरी फसगत शहरातील सुशिक्षित घरांत नित्य दिसते. खोलीची खिडकी मोकळ्या पडवीत किंवा सज्जात उघडत असेल तर चालते. पण पुढे तोच सज्जा काचा लावून बंद करतात आणि तेथे मुलाचा पलंग टाकतात. जागा वाढल्याचा आनंद होतो. प्रत्यक्षात एक खोली मिळाली नसून आतल्या खोलीची खिडकी गेली आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हाच विषय निराळ्या अंगाने भेटतो. तेथे घराखाली तळघर असते आणि गावाकडून आईवडील येणार म्हटले म्हणजे त्याची खोली करण्याचा बेत होतो. तेथील बहुतेक राज्यांनी स्वीकारलेली निवासाची संहिता अशा वेळी विचारते, आग लागली तर या खोलीतून माणूस दाराखेरीज दुसऱ्या वाटेने बाहेर कसा पडणार? निजण्याच्या खोलीच्या खिडकीचे उघडे क्षेत्र सर्वसाधारणपणे निदान 5.7 चौरस फूट हवे, उंची 24 इंच, रुंदी 20 इंच, आणि तिचा खालचा काठ जमिनीपासून 44 इंचांहून वर नको. येथे किमान उंचीला किमान रुंदीने गुणले तर जेमतेम सव्वातीन चौरस फूट भरतात. अर्थात दोन्ही बाजूंनी काटकसर करता येत नाही. हे माप आतल्या माणसाला बाहेर पडता यावे आणि पाठीवर हवेचे नळकांडे घेतलेल्या अग्निशामकाला आत शिरता यावे, यासाठी आहे. आपल्याकडे खिडकीला गज बसविल्याशिवाय कोणालाच झोप येत नाही. चोराला अटकाव करणारा तो गज आगीच्या वेळी घरच्याच माणसाला अटकाव करतो. म्हणून जाळीचा एक भाग बिजागरीवर उघडणारा ठेवावा, त्याची किल्ली निजलेल्या माणसाच्या हाताशी असावी, आणि ती कोठे आहे हे घरातील लहानांनाही ठाऊक असावे.

यानंतर शेजारी. खिडकी स्वतःच्या भिंतीत असली तरी पाहते ती दुसऱ्याच्या अंगणात. 1882 चा सुविधाधिकाराचा कायदा मुंबई इलाख्यास 1891 मध्ये लागू झाला. त्याप्रमाणे एखाद्या खिडकीतून वीस वर्षे अखंड, उघडपणे आणि हक्काने उजेड व वारा घेतला, तर तो घेत राहण्याचा अधिकार प्राप्त होतो; शेजारची जमीन सरकारी असेल तर हीच मुदत तीस वर्षांची. याचा दुसरा अर्थ असा, की आज काढलेल्या खिडकीला आज कोणताही वडिलोपार्जित हक्क नाही. उद्या शेजाऱ्याने आपल्या हद्दीत नियमानुसार भिंत उभी केली तर तक्रार करावयास जागा राहत नाही. त्याच कायद्यात रूढीने प्राप्त होणाऱ्या अधिकारांचे उदाहरण देताना, शेजाऱ्याच्या खासगीपणावर मोठे आक्रमण होईल अशी नवी खिडकी काढता येऊ नये अशी रूढी एखाद्या गावी असू शकते, हेही नमूद केले आहे. म्हणून शहाण्या गृहस्थाने नवी खिडकी प्रथम आपल्या परसाकडे काढावी. बोळाकडच्या भिंतीत काढावयाचीच असेल तर माणसाच्या नजरेहून उंच झरोका ठेवावा. तो गरम हवा वर काढून देतो आणि शेजारणीच्या न्हाणीकडे पाहत नाही. आणि हातोडा उचलण्यापूर्वी शेजारी जाऊन सांगून यावे. कायद्यात हे कलम नाही, पण खेड्यात यासारखे दुसरे उपयोगी कलम नाही.

परवानगीविषयी थोडक्यात सांगावयाचे, तर खिडकी उघडणे किंवा बंद करणे एवढ्याच फेरफारासाठी, मजबुती, आग व आरोग्य यांचे नियम मोडत नसतील तर, स्वतंत्र परवान्याची गरज नाही, असे राष्ट्रीय संहितेचे धोरण आहे. मात्र संहिता ही मार्गदर्शक. बंधन येते ते स्थानिक नियमांचे. बृहन्मुंबई आणि काही अपवाद वगळता महाराष्ट्रात डिसेंबर 2020 पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने घराच्या केवळ अंतर्भागातील किंवा बाह्य स्वरूपात विशेष फरक न पाडणाऱ्या दुरुस्त्यांना मोकळीक दिली आहे. बाहेरच्या भिंतीतील मोठी खिडकी त्यात बसते की नाही, हे अगोदर विचारलेले बरे. गावठाणातील घरासाठी ग्रामपंचायतीत, शहरातील सदनिकेसाठी संस्थेत व पालिकेत लेखी विचारणा करावी. ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर 8 मध्ये कर आकारणीसाठी घराची नोंद असते. कोणत्या खोलीत कोण निजतो हे त्यात लिहिलेले नसते. मंजूर नकाशात मात्र खोलीचे नाव असते. तेथे कोठार लिहिलेले असेल, तर खिडकी काढल्याने ते आपोआप पुसले जात नाही. सुधारित नकाशा मंजूर करून घेतला म्हणजेच, घर विकताना वा कर्ज काढताना, खोली कागदावरही खोली ठरते.

शेवटी गवंड्याचे काम. भार घेणाऱ्या भिंतीत आधी भोक पाडून मग वर आधार शोधणे ही आत्मघाताची रीत आहे. प्रथम छपराला खालून टेकू द्यावे. मग खिडकीच्या माथ्यावर येणाऱ्या जागी भिंत अर्ध्या जाडीपर्यंत कोरून तुळई बसवावी, नंतर दुसऱ्या बाजूने तेच करावे, आणि ती दोन्ही टोकांस भिंतीवर पुरेशी टेकली व चुना-सिमेंट वाळून घट्ट झाले म्हणजे खालचा भाग काढावा. घराच्या कोपऱ्यापासून निदान दोन फूट भिंत अखंड ठेवावी, कारण कोपरा हेच भिंतीचे बळ. दोन खिडक्यांमध्येही चांगला रुंद खांब राहू द्यावा. भिंत मातीची वा जुन्या दगडांची असेल तर जाणत्या अभियंत्याचा सल्ला घ्यावा. बाहेरून छज्जा काढावा, चौकटीचा खालचा पाट बाहेरच्या बाजूस उतरता ठेवावा. नाहीतर पहिल्याच मृगाच्या सरीत पलंग भिजेल, आणि मग ती खिडकी वर्षभर बंदच राहील. बंद राहणारी खिडकी आणि नसलेली खिडकी यांत निजणाऱ्या माणसाला काहीच फरक नाही.

त्या कल्पित घराकडे पुन्हा एकदा वळून पाहावे. परसाकडच्या पूर्वेच्या भिंतीत खिडकी निघाली आहे. खालचा काठ पलंगाच्या उंचीइतका ठेवला आहे, म्हणजे पडल्या पडल्या बाहेरचे दिसावे. सकाळी सातच्या सुमारास उन्हाचा एक पट्टा जमिनीवर उतरतो आणि हळूहळू पलंगाच्या पायापर्यंत सरकतो. म्हातारीला आता वेळ विचारावी लागत नाही. परसातल्या आळवावर पाणी कोणी घातले नाही, गाय कोणाच्या कुंपणात शिरली, हे ती निजल्या जागेवरून सांगते. नियमाने खिडकी मागितली ती फुप्फुसांसाठी. तिच्यातून घरातले माणूस पुन्हा घरात आले, हा नियमात न लिहिलेला लाभ होय. आपल्या घरातील वडीलधारी माणसे कोणत्या खोलीत निजतात आणि त्या खोलीची खिडकी कोठे उघडते, हे आज संध्याकाळी प्रत्येक कुटुंबाने एकदा उठून पाहावे. पुष्कळ घरांत ती खिडकी असेलही. फक्त तिच्यापुढचे कपाट बाजूला सारावे लागेल.